पालक नोंद म्हणजे कोणाचे पालक?

ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, 'पालक नोंद काढल्यास तिच्या बाल नोंदी नष्ट होतील' असं लिहिलंय तुम्ही. आम्ही सभासदांच्या मुलांची नोंद ठेवतच नाही!"

सोसायटीच्या सॉफ्टवेअरचं ते माहितीपुस्तक मीच लिहिलेलं. डेटाबेसच्या भाषेत जिला दुसऱ्या नोंदी जोडलेल्या असतात ती 'पालक', आणि जोडलेल्या त्या 'बाल'. मला म्हणायचं होतं एवढंच, की सदनिका काढली तर तिची मेंटेनन्सची बिलंही जातील.

बिलांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीवर सदनिकेचा क्रमांक असतो, समजा बी-३०४. हा क्रमांक मूळचा सदनिकांच्या तक्त्यातला. बिलात तो फक्त दुवा म्हणून येतो. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली अशा दुव्याला 'फॉरेन की' म्हटलं. 'परकी किल्ली' म्हटलं की चोर आठवतो. खरं तर ती शेजाऱ्यांची, आपल्या खिळ्याला अडकवलेली किल्ली. उघडणार त्यांचंच दार.

आई-बाप आणि मूल ही भाषा आली ती झाडासारख्या रचनेतून. आयबीएमची 'आयएमएस' ही डेटाबेस प्रणाली १९६० च्या दशकात अपोलो चांद्रमोहिमेसाठी सुरू झाली. यानाच्या सुट्या भागांची यादी ठेवायची होती: मोठ्या भागाखाली लहान, त्याखाली आणखी लहान. तिथे हे नातं शोभतं. पण आमच्याकडे पार्किंग वाटपाची नोंद सदनिकेलाही जोडलेली आणि पार्किंगच्या जागेलाही. सदनिका आई आणि पार्किंग बाप म्हणायचं?

शिवाय फोल्डरलाही पालक असतो, प्रोग्रॅममधल्या क्लासलाही (कोडमधल्या साच्याला). मग नुसतं 'पालक' म्हणजे कोणता? नवी मुंबईत नुसतं 'सेक्टर १०' सांगा, रिक्षावाला विचारणारच, वाशी, नेरूळ की खारघर?

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात 'संदर्भ देणारा' आणि 'संदर्भ दिलेला' तक्ता अशा अर्थाचे शब्द आहेत. नेमके आहेत, पण मराठीत घाईत वाचलं की देणारा कोण न् दिलेला कोण, गोंधळ ठरलेला. म्हणून मी सामान्य संज्ञा शक्यतो टाळते. वस्तूचं नावच लिहिते. अगदीच लागली तर 'मूळ नोंद' आणि 'जोडलेली नोंद', आणि मग शेवटपर्यंत तीच जोडी.

वाक्य बदललं: 'सदनिका काढल्यास तिची सर्व बिलं कायमची जातील.' काकांना पाठवलं. दहा मिनिटांत पुन्हा फोन.

"सर्व म्हणजे थकबाकीचीसुद्धा?"

प्रोग्रॅमरला विचारलं. तो क्षणभर गप्प झाला. डेटाबेसला 'जोडलेलं सगळं काढून टाक' असं सांगून ठेवलेलं होतं. त्याच संध्याकाळी त्याने ते बदललं. आता बिल शिल्लक असेल तर सदनिका काढताच येत नाही.