शेकाट्याचे पाय, पाक्याची कातडी

थंडीत सकाळी सोलापूर रस्त्यावरून पुण्याजवळच्या कवडी पाटाकडे वळलं, की आधी रुमाल नाकाला जातो आणि मग दुर्बीण डोळ्यांना. मुळा-मुठेच्या फेसाळ पाण्यात शेकाटे, म्हणजे लांब पायांचे पाणपक्षी, उभे होते. भाचीने विचारलं, "मामा, भीमाशंकरला उडतो तो हाच ना?" तिच्या डोक्यात शेकरू होतं. नावांचा घोळ! शिवाय शेकरू उडत नाही, लांब उड्या मारतं. हवेत तरंगतो तो त्याचा रात्री हिंडणारा भाऊबंद, मोठी उडणारी खार, म्हणजे पाक्या.

शेकाट्याचं वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम, बाकी सगळे पाय. "त्याचा गुडघा उलटा कसा वाकतो?" हा भाचीचा पुढचा प्रश्न. तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत दडलेला. थोडक्यात, स्वारी जन्मभर चवड्यांवर उभी. गार पाण्यात तासन्‌तास उभं राहूनही अंगातली ऊब फारशी जात नाही. पायात खाली जाणाऱ्या आणि वर येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून असतात; खाली जाणारं गरम रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. आणि एवढ्या घाण पाण्यात खायला काय? चिखलातल्या लालबुंद अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू कमी असला तरी त्यांचं भागतं. नदी मरते आहे आणि शेकाट्याची चंगळ चालली आहे, हे बघताना मला दर वेळी अवघडल्यासारखं होतं.

पाक्याने हाडं नाही, कातडी वाढवली. मनगटापासून घोट्यापर्यंत सैल पडदा, आणि तो आणखी ताणायला मनगटाशी कूर्चेची एक काडी. वजन दीड-दोन किलो, म्हणजे आठ-दहा शेकाटे भरतील. उंच झाडावरून झेप घेतली, की चारही पाय फाकून तो पतंगासारखा चौकोनी होतो. पंख नसल्याने फडफडून वर चढणं नाही. एकेका झेपेत उंची खर्च होत जाते. समोरचं खोड जवळ आलं की पुढचं अंग उचलतो, पडदा हवेला अडवतो, वेग मोडतो आणि चारही पाय खोडाला चिकटतात. मग पुन्हा नखं रोवत शेंड्याकडे.

"मग शेकाट्या उडताना पायांचं काय करतो?" भाचीने विचारलं. तेवढ्यात टिटवी ओरडली आणि अख्खा थवा उठला. काळे पंख, आणि शेपटीच्याही बऱ्याच मागे लोंबणाऱ्या दोन-दोन गुलाबी काड्या.