आधी तोल, मग पेडल: बॅलन्स बाइकची पार्श्वभूमी

पेडल नाही, साखळी नाही, दोन्ही पायांनी जमीन रेटत पुढे जायचं. अशी बॅलन्स बाइक घेऊन फिरणारी अडीच-तीन वर्षांची मुलं आता आपल्याकडच्या सोसायट्यांच्या आवारातही दिसतात. अनेकांना ते नवं खेळणं वाटतं. पण जगातली पहिली दुचाकी नेमकी अशीच होती, आणि ती मोठ्या माणसांसाठी होती.

१२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन द्राइस हा जर्मनीतल्या बाडेन राज्याचा वनाधिकारी आपलं लाकडी यंत्र घेऊन मानहाइमहून श्वेत्झिंगेनच्या रस्त्याला लागला. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरची ही फेरी त्याने साधारण तासाभरात पुरी केली. यंत्राचं वजन वीस-बावीस किलो. एकामागे एक दोन चाकं, मध्ये गादीची बैठक, पुढचं चाक वळवायला दांडा आणि हात टेकवायला छातीसमोर एक आडवी फळी. त्याआधीचा उन्हाळा युरोपात वाईट गेला होता. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, पुढच्या वर्षी थंडीने पिकं गेली, दाणावैरण महागली. घोड्याला पर्याय शोधण्याची कल्पना त्यातून सुचली असावी, असा काही इतिहासकारांचा तर्क आहे.

मला यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. एकामागे एक लावलेल्या दोन चाकांवर माणूस न पडता राहू शकतो, यावर तेव्हा कुणाचा सहज विश्वास बसला नसता. द्राइसच्या यंत्रात पाय जमिनीलगत होते, म्हणून माणसं ते करून बघायला धजावली. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या गाडी बनवणाऱ्या कारागिराने १८१८ च्या अखेरीस अशाच यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते चालवायला शिकवण्यासाठी शाळाही काढल्या. पण खाचखळग्यांचे रस्ते सोडून लोक पदपथांवर घुसू लागले, गावोगावी बंदी आली आणि काही वर्षांत हे वेड ओसरलं.

१८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पेडल लागलं. पाय जमिनीवरून उचलले गेले आणि शिकण्याचा क्रम बदलला: तोल आणि पेडल दोन्ही एकदमच जमवायचं. पुढे लहान मुलांच्या सायकलींना मागे आधाराची दोन छोटी चाकं आली. त्यामुळे पडणं थांबलं, पण माझ्या मते अडचण भलत्याच टोकाला सोडवली गेली. पेडल मारणं सोपं असतं, अवघड असतो तो तोल.

सायकल उजवीकडे कलली की हँडल किंचित उजवीकडे वळवायचं, म्हणजे चाकं पुन्हा शरीराखाली येतात. सायकल चालवणारा हे क्षणोक्षणी, नकळत करत असतो. वळणावर सायकल आतल्या बाजूला झुकते. आधाराची चाकं ती झुकूच देत नाहीत, म्हणून मूल उलट बाहेरच्या बाजूला कलायला शिकतं. चाकं काढली की हीच सवय मोडावी लागते.

आपल्याकडे भाड्याच्या मोठ्या सायकलवर शिकलेल्या पिढीचा क्रम मात्र बरोबर होता. आधी एक पाय पेडलवर ठेवून दुसऱ्याने जमीन ढकलत लंगडी घालायची, मग दांड्याखालून पाय घालून अर्धं पेडल, आणि सीट सगळ्यात शेवटी. गुडघे फुटत, पण तोल पहिल्या टप्प्यातच येई.

लहान मुलांसाठी बिनपेडलची सायकल नव्याने रुजली तीही जर्मनीतच. आखेनजवळच्या मेर्टेन्स कुटुंबाने १९९७ मध्ये ‘लाइकअबाइक’ ही लाकडी सायकल बाजारात आणली. २००७ मध्ये अमेरिकेतल्या साउथ डकोटात रायन मॅकफार्लंड यांनी आपल्या मुलासाठी केलेल्या सायकलवरून ‘स्ट्रायडर’ सुरू केली. तिचं वजन तीन किलोच्या आसपास; पडली तरी मूल स्वतः उचलतं.

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत बॅलन्स बाइकवर शिकलेली मुलं सरासरी चार वर्षांच्या सुमारास सायकल चालवू लागल्याचं दिसलं, तर आधाराच्या चाकांवर शिकलेली सहाच्या सुमारास. ही माहिती लोकांनी आठवून दिलेली होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

बॅलन्स बाइकवर मूल आधी सीटवर न टेकता नुसतं चालतं, मग बसून चालतं, मग ढांगा टाकतं आणि एके दिवशी दोन्ही पाय उचलून घसरत जातं. ‘पाय वर घे’ असं सांगावं लागत नाही. सीट मात्र इतकी खाली हवी की बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. वेगळी सायकल विकत घ्यायलाच हवी असंही नाही. घरातल्या छोट्या सायकलची आधाराची चाकं आणि दोन्ही पेडलं पान्याने काढली, सीट खाली केली की काम होतं. फक्त डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सुटतं.