वेताळाचा चिकट अंगरखा

माझ्या टेबलावरचा वेताळ रंगवून चौदा महिने झाले, तरी त्याच्या पाठीला बोट लावलं की अजून ठसा उमटतो. धूळ तर अशी धरली आहे की जांभळा अंगरखा आता करडा दिसतो.

वेताळ म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला, कवटीच्या अंगठीचा फँटम. १९६४ साली इंद्रजालचा पहिला अंक आला तो त्याचाच. दुसऱ्या सुपरहिरोच्या सहा इंची अ‍ॅक्शन फिगरवरून वेताळ करणं मला सोपं वाटलं होतं. झगा नाही, पंख नाहीत. अंगाला चिकटलेला एकरंगी पोशाख, काळा मुखवटा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. धड कोणाचंही चालेल. कारखानेही हेच करतात. पोलादी साचा बनवायला भरपूर खर्च येतो, म्हणून एकाच धडावर डोकी आणि रंग बदलून चार पात्रं काढतात. १९७०च्या दशकात मेगो कंपनीने आठ इंची ठरावीक सांगाड्यांना वेगवेगळे कपडे चढवून कितीतरी सुपरहिरो विकले.

मी हार्डवेअरच्या दुकानातून तैलरंगाचा स्प्रे आणला आणि मारला. एका दिवसात वाळतो असं डब्यावर लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण ते लोखंडी गेटसाठी होतं.

अशा फिगरचे मऊ भाग पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. शुद्ध पीव्हीसी कडक असतं, आपल्या नळाच्या पाइपसारखं. फिगरचं डोकं, पंजे किंवा कमरेचा पट्टा वाकवता येतो, कारण त्या पीव्हीसीत मृदुकारी म्हणजे प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. फार मऊ भागात वजनाच्या एक तृतीयांश इतकंही. हे तेलकट रेणू पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून घसरू देतात. पण ते साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. नुसते मुक्कामाला असतात म्हणा. वर तैलरंगाचा थर आला की त्यातले काही हळूहळू बाहेर सरकून रंगात शिरतात आणि प्लॅस्टिकला करत होते तेच रंगाला करतात: मऊ. माझा वेताळ ओला नाहीच. त्याचा रंग वाळला होता आणि खालून पुन्हा मऊ होत राहिला. चौदा महिने पंख्याखाली ठेवून काय होणार?

(याच मुक्कामी रेणूंपैकी फ्थॅलेट गटातल्या काहींवर अमेरिकेने २००८च्या कायद्याने लहान मुलांच्या खेळण्यांत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. प्लॅस्टिकमधून रंगात जाणारी गोष्ट ते चघळणाऱ्या मुलाच्या तोंडातही जाते.)

दुसऱ्या वेताळाला म्हणून पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग. यात अ‍ॅक्रिलिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना भिडतात, दबतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. एकदा झाला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. मऊ पीव्हीसीवर यालाही कधीकधी चिकटपणा येतो, पण तैलरंगाइतका छळ नाही. आधी फिगर साबणाने धुवायची, कारण साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेल्या पदार्थाचा अंश तिच्यावर राहिलेला असू शकतो. जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं आणि छाती-मांड्यांचं कडक एबीएस प्लॅस्टिक अ‍ॅसिटोनमध्ये चक्क विरघळतं.

डोकं बदलायला मात्र नुसतं गरम पाणी पुरतं. मृदुकारी मिसळलेलं पीव्हीसी चहाच्या आधणात मिनिटभरात लुसलुशीत होतं. मानेतली खुंटी सहसा एबीएसची, आणि ते साधारण १०५ अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. त्यामुळे उकळत्या पाण्यात डोकं सैलावतं, खुंटी ताठ राहते, आणि जरा पिळलं की टप्पकन निघतं. या फरकाच्या जोरावर जगभरचे हौशी लोक डोक्यांची अदलाबदल करतात.

टोपीची कड आणि पट्ट्याची बकलं एम-सीलची. हो, गळक्या नळाचंच. दोन वड्या मळल्या की रेझिन आणि हार्डनर यांची अभिक्रिया सुरू होते, मग रेणूंच्या साखळ्यांचं जाळं विणलं जातं आणि पुन्हा कधी मऊ होत नाही. बोटांना किंचित ऊब लागते ती या अभिक्रियेचीच. हातमोजे घालावेत.

जांभळ्याने मला पुन्हा दमवलं. मूळ फिगर लाल होती आणि तीन हात दिले तरी लाल डोकावत होता. रंग झाकतो तो बराचसा प्रकाश विखरून, आणि विखुरणं अवलंबून असतं रंगकण आणि माध्यम यांच्या अपवर्तनांकांमधल्या, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेच्या आकड्यांमधल्या, फरकावर. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड सुमारे २.७, अ‍ॅक्रिलिक सुमारे १.५, म्हणून पांढरा चांगला झाकतो. चमकदार जांभळ्यांच्या बऱ्याच रंगकणांत एवढा फरक नसतो, प्रकाश आरपार जाऊन खालचं दाखवून परततो. खाली पांढरट प्रायमर दिला, काम झालं. लाल-निळा मिसळून जांभळा करायचा असेल तर किरमिजीकडे झुकणारा लाल घ्यावा. शेंदरीकडे झुकणाऱ्यात पिवळा लपलेला असतो आणि त्याने चिखल होतो.

शेवटी मॅट वार्निश, जुलैत, पुण्यात. घाई केली. स्प्रेतला द्रावक उडताना पृष्ठभाग गार करतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि वार्निशचा थर पांढुरका पडतो. उजवा खांदा दुधाळ झालाय. त्याचं वार्निश ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात पुन्हा करायचं.

आणि कोपर. रंगाचे थर बारीक असले तरी सांध्यात मूळची जागाच केसभर असते, त्यामुळे हात वाकवला की रंग खरवडून लाल रेघ उघडी पडते. सांधा आधीच पॉलिश पेपरने घासून घ्यायला हवा होता. आता हा वेताळ हात ताठ ठेवूनच उभा असतो, चिकट वेताळाच्या शेजारी.