न वाचता केलेली सही: स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आणि त्याचे वापरकर्ते

ऑक्टोबर २०१८ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनचा (अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या नोंदींच्या साखळीचा) जनक विटालिक बुटेरिन याने ट्विटरवर एक कबुली दिली. ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ हा शब्द उचलल्याचा आता बराच पश्चात्ताप होतो, त्याऐवजी ‘टिकाऊ स्क्रिप्ट’सारखं काहीतरी रुक्ष, तांत्रिक नाव द्यायला हवं होतं, असं त्याचं म्हणणं. तोवर फार उशीर झाला होता. करार म्हटलं की दोन पक्ष, अटी, सह्या आणि भांडण झालंच तर दाद मागायची जागा, एवढं सगळं मनात गृहीत धरलं जातं. ब्लॉकचेनवर प्रत्यक्षात असतो तो एका पत्त्यावर ठेवलेला प्रोग्राम. कोणी हाक मारली की तो चालतो. हाक मारणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

नाव मुळात बुटेरिनचं नव्हतंच. १९९४ च्या सुमारास निक साबो याने ते वापरात आणलं आणि पुढे समजावून सांगताना नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्राचा दाखला दिला. अट यंत्रातच बसवलेली, मध्यस्थ नको. दाखला झकास आहे, पण मला वाटतं इथूनच गैरसमजाला सुरुवात झाली. त्या यंत्राला काच असते. आत काय आहे ते दिसतं, आणि नाणं अडकलं तर निदान एक थाप मारता येते.

बिटकॉइनमध्ये २००९ पासून छोट्या स्क्रिप्ट लिहिता येत होत्या, पण त्यांची झेप मुद्दामच आखूड ठेवली होती. ३० जुलै २०१५ रोजी इथेरियम सुरू झालं आणि कोणालाही हवा तो प्रोग्राम साखळीवर ठेवता येऊ लागला. प्रोग्राम सर्वांना खुला, म्हणजे सर्वांना कळणारा, असा समज इथे रुजला. साखळीवर जातो तो यंत्रासाठी रूपांतरित केलेला बाइटकोड. माणसाला वाचता येईल असा मूळ कोड जाहीर करायचा की नाही, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

पहिला मोठा धडा वर्षभरातच मिळाला. ‘द डाओ’ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीत २०१६ च्या मे महिन्यात सुमारे १५ कोटी डॉलरचे इथर (इथेरियमचं चलन) जमले. त्याच्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं की साध्या भाषेतलं स्पष्टीकरण आणि कोड यांत फरक आढळला, तर कोडच खरा. सामान्य माणूस काय वाचणार? अर्थात स्पष्टीकरण. १७ जून रोजी कोणीतरी कोड नीट वाचलेला निघाला. पैसे आधी द्यायचे आणि खात्यातली शिल्लक नंतर कमी करायची, असा क्रम त्यात होता; शिल्लक कमी होण्याआधीच पुन्हा पुन्हा मागणी करून सुमारे ३६ लाख इथर बाहेर काढले गेले. २० जुलैला हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा फोडून, ते परत फिरवण्यात आले. ज्यांना हे मान्य नव्हतं, ते जुन्या साखळीवर राहिले. तीच आजची इथेरियम क्लासिक. यातून वापरकर्त्यांनी उचललेला निष्कर्ष मात्र विचित्र होता: फारच बिनसलं तर कोणीतरी सावरून घेईल.

नोव्हेंबर २०१७ मध्ये कोणी सावरलं नाही. पॅरिटी कंपनीची अनेक वॉलेटं (इथर ठेवायची डिजिटल पाकिटं) एकाच सामायिक कॉन्ट्रॅक्टवर टेकलेली होती. एका अनोळखी माणसाने त्याची मालकी स्वतःकडे घेतली आणि ते नष्ट केलं. पाच लाखांहून अधिक इथर कायमचे गोठले. वॉलेटधारकांनी काहीच चूक केली नव्हती. आपलं वॉलेट दुसऱ्याच कोडच्या खांद्यावर उभं आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसावं.

२०२० मध्ये डीफायची, म्हणजे बँकेशिवाय कोडवरच चालणाऱ्या आर्थिक व्यवहारांची, लाट आली आणि प्रश्न कोडकडून बटणाकडे सरकला. इथेरियमवरच्या टोकनांसाठी (डिजिटल नाण्यांसाठी) असलेल्या ईआरसी-२० या मानकात ‘अप्रूव्ह’ नावाची सोय आहे. ती दाबून तुम्ही टोकन देत नाही. तुमच्या खात्यातून टोकन काढून घ्यायची मुभा एका कॉन्ट्रॅक्टला देता. दर वेळी व्यवहाराचं शुल्क (गॅस) नको म्हणून कित्येक साइट अमर्याद रकमेची मुभा मागत. वॉलेट साइटपासून ‘डिसकनेक्ट’ केलं की ही मुभा संपते, असं आजही अनेकजण धरून चालतात. ती संपत नाही; रद्द करायला साखळीवर वेगळा व्यवहार करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये बॅजर डाओ या डीफाय प्रकल्पाच्या संकेतस्थळात घुसवलेल्या कोडने नेमक्या अशाच परवानग्या मिळवल्या आणि सुमारे १२ कोटी डॉलर गेले. दरम्यान अशीच मुभा द्यायची ‘परमिट’ ही दुसरी सोयही आली होती. आता नुसती सही पुरते, गॅस लागत नाही. आणि गॅस लागत नाही म्हणजे धोकाही नाही, हा नवा समज त्याच्याबरोबर आला.

‘ऑडिट झालंय’ या दोन शब्दांचंही तसंच. ऑडिट होतं ते कोडच्या एका ठरावीक आवृत्तीचं. प्रॉक्सी (काम मागच्या प्रोग्रामकडे सोपवणारं पुढचं कॉन्ट्रॅक्ट) वापरली असेल तर पत्ता तोच ठेवून मागचा प्रोग्राम बदलता येतो.

म्हणून वापरकर्त्यांना अडाणी किंवा आळशी ठरवणं मला पटत नाही. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या क्रिप्टो-चलनांच्या एक्स्चेंजमधून सुमारे ४ लाख इथर, म्हणजे जवळजवळ दीड अब्ज डॉलर गेले. सह्या करणारे नवखे नव्हते. शेवटची सही खुद्द मुख्याधिकाऱ्याची होती. समोरच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार आणि बरोबर पत्ता दिसत होता. हार्डवेअर वॉलेटकडे (सही करायच्या छोट्या वेगळ्या उपकरणाकडे) प्रत्यक्षात जो व्यवहार सहीसाठी आला, त्यात एक्स्चेंजच्या वॉलेटमागचा प्रोग्रामच बदलण्याची आज्ञा होती, आणि त्या उपकरणाच्या इवल्या पडद्यावर ती वाचता येण्याजोग्या शब्दांत उमटलीच नाही.