उंदरांच्या पिंजऱ्यावर पाटी लागत नाही

परळच्या टाटा हॉस्पिटलात कॅन्सरवर उपचार होतात, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही. तिथं संशोधनही चालतं, हे मात्र सांगावं लागतं.

दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी त्यांच्या नावे न्यास काढला आणि त्याच वर्षी तेही वारले. मेहेरबाईंचा ज्युबिली हिरा, कोहिनूरच्या दुपटीहून जड, नंतर विकला गेला. ते पैसे दोराबजींच्या स्वतःच्या नावच्या, दुसऱ्या न्यासात आले. याच न्यासानं १९४१ मध्ये परळला रुग्णालय उभारलं.

हिऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त मोलाची वाटते ती रुग्णालयातली प्रयोगशाळा. डॉ. वसंत खानोलकर तिचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे तयार झाल्या. उंदरांच्या माद्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर होतो त्यात आनुवंशिकता किती, संप्रेरकं किती, विषाणू किती, हे त्या शोधत होत्या. शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळाही त्यांनी मुंबईत उभी केली. अशा पेशींना ठरलेल्या तापमानात ठेवावं लागतं, त्यांचं पोषणद्रव्य वेळोवेळी बदलावं लागतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. या खर्चासाठी देणगीदार सहसा पुढे येत नाही. कोनशिला बसते ती इमारतीवर.

आता २०२१ कडे या. टाटाच्या खारघर केंद्रात एका रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्तातून वेगळ्या काढल्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात एक नवा जनुक घातला, त्या वाढवल्या आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शरीरात सोडल्या. या जनुकामुळे टी-पेशीवर एक ग्राहक प्रथिन (रिसेप्टर) उगवतं. ते सीडी-१९ हे चिन्ह ओळखतं. रक्ताच्या काही कॅन्सरांत बिघडलेल्या बी-पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, हे चिन्ह असतं. मग टी-पेशी त्यांना मारते. निरोगी बी-पेशीही त्यात मरतात, म्हणून रुग्णाला संसर्गापासून सांभाळावं लागतं. पवईच्या आयआयटीत घडलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. याची रणदिवेबाईंच्या कामाशी थेट वंशावळ जोडणं ओढूनताणून होईल. पण शरीराबाहेर पेशी जगवायची विद्या दोन्हीकडे लागतेच.

परदेशच्या मानानं हा उपचार साधारण एक दशांश खर्चात होतो. तरी तो लाखांत जातो, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला तेवढी रक्कम जमवणं अवघडच. तिथं पुन्हा दात्यांचेच दरवाजे ठोठवावे लागतात.