व्याख्यानाचा दाखल क्रमांक : पुण्यातली ग्रंथालयं आणि जाहीर भाषणांची पार्श्वभूमी

जुन्या ग्रंथालयात दाखल नोंदवही मागितली, की कापडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागणारं बाड टेबलावर येतं. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, कुठून मिळालं आणि शेवटी शेरा. पुस्तक हरवलं, वाळवीने खाल्लं किंवा रद्दीत काढलं, तरी त्याची ओळ खोडत नाहीत. शेऱ्यात ‘बाद’ लिहितात आणि तो क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत. नसलेल्या पुस्तकाचाही पुरावा त्यामुळे राहतो. त्याच ग्रंथालयाच्या सभागृहात वर्षानुवर्षं झालेल्या व्याख्यानांची अशी वही मात्र क्वचितच सापडते. निमंत्रणपत्रिकांचं एखादं बंडल, अहवालातल्या दोन ओळी, पिवळी पडलेली कात्रणं, एवढाच ऐवज. आज ग्रंथालयं व्याख्यानं थेट मोबाइलवर पोचवतात, पण ही जुनी उधारी फिटलेली नाही.

मराठी मुलखात वाचनालयांची सुरुवात पुण्यात झाली नाही. रत्नागिरीला १८२८मध्ये, अहमदनगरला १८३८मध्ये आणि नाशिकला १८४०मध्ये वाचनालय निघालं होतं. पुण्याचा नंबर १८४८मध्ये लागला. (पुणेकरांना हे ऐकवताना थोडं जपूनच ऐकवावं.) ‘पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झालेल्या त्या संस्थेमागे गोपाळ हरी देशमुख, म्हणजे लोकहितवादी होते. त्यांची ‘शतपत्रे’ मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये त्याच वर्षी सुरू झाली. ही लायब्ररी म्हणजेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर.

त्या काळातली अडचण पुस्तकांचीच होती. छापील मराठी गद्य मोजकं, इंग्रजी वाचणारे त्याहून मोजके. पेशव्यांच्या काळापासून विद्वान ब्राह्मणांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही पैसा मराठी ग्रंथांकडे वळावा, असा अर्ज पुण्यातल्या सुधारकांनी १८४९मध्ये केला, आणि १८५१मध्ये मराठी ग्रंथांना बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी आली ती यातूनच. एकीकडे कपाटं रिकामी, दुसरीकडे ऐकण्याची सवय मात्र भरपूर. देवळात पुराणिक पोथी उघडायचे, चार ओळी वाचून त्यांचा अर्थ सांगायचे, समोर बसलेल्यांना अक्षरओळख असण्याची गरज नव्हती. एक पोथी आणि शंभर श्रोते, ही पुस्तक ‘देण्याची’ रीत गावाच्या अंगवळणी पडलेली होती. जाहीर व्याख्यान पुण्यात लवकर रुजलं याचं मोठं कारण हे असावं. व्यासपीठ नवं, विषय नवे, बैठक मात्र जुनीच.

१८७५ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती या वर्षी. पुढे ती वक्तृत्वोत्तेजक सभेने चालवली, आणि आजही टिळक स्मारक मंदिरात २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर रोज एक व्याख्यान या शिस्तीने ती भरते. रानड्यांनीच लोकहितवादींच्या सोबतीने १८७८मध्ये पुण्यात ग्रंथकारांचं संमेलन बोलावलं. पुस्तकं जमवणारे, लिहिणारे आणि बोलणारे लोक त्या काळात निरनिराळे नव्हतेच.

त्याच १८७५च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि बुधवार पेठेत भिडे यांच्या वाड्यात त्यांची व्याख्यानं झाली. त्यांपैकी १५ आज छापील रूपात मिळतात. ती टिकली, कारण ऐकता ऐकता कुणीतरी टिपणं घेतली आणि ती छापून काढली. भाषण हिंदीत, टिपण मराठीत आणि नंतर त्या मराठीवरून पुन्हा हिंदी, असा त्या मजकुराचा प्रवास आहे. वक्त्याच्या तोंडचा नेमका शब्द कोणता, हे त्यावरून छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही ज्या व्याख्यानांचं कुणीच टिपण घेतलं नाही, त्यांच्या मानाने हे नशीबवानच.

पुढची मोठी पायरी संशोधन संस्थांची. ७ जुलै १९१० रोजी वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. मंडळाच्या पाक्षिक सभेची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. संशोधकाने सापडलेला कागद किंवा टिपण सभेत वाचायचं, जाणकारांनी तिथल्या तिथे हरकती घ्यायच्या आणि मग मजकूर इतिवृत्तात किंवा त्रैमासिकात छापायचा. बोलणं आणि नोंद यांचा सांधा तिथे जुळला. हे जुने अंक वापरणाऱ्याने एक गणित ध्यानात ठेवावं : शकाचं इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवले, तर पौष ते फाल्गुन या महिन्यांत चूक होते. जानेवारी उजाडला की ७९ मिळवावे लागतात. जुन्या व्याख्यानांच्या याद्यांत एक वर्षाचा घोळ दिसतो तो बहुतेक वेळा यामुळेच.

६ जुलै १९१७ रोजी स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची घडण जरा वेगळी. मुंबई सरकारने १८६६पासून जमवलेली हस्तलिखितं डेक्कन कॉलेजात होती, ती १९१८मध्ये इथे आली. संस्थेने १९१९मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. इथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश २००७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत झाला. अशा संस्थेत सामान्य वाचक एरवी कशाला पाऊल टाकेल? व्याख्यान, प्रदर्शन आणि अलीकडे ‘भारतविद्या’ या नावाने चालणारे ऑनलाइन अभ्यासक्रम, या वाटांनीच तो आत येतो.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७चा. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान आलं, आणि कारभार कागदावर आला. दाखल पुस्तकं, सभासद, देवघेव यांचे आकडे द्यावे लागतात म्हणून ते ठेवले जातात. व्याख्यान मात्र अहवालातल्या ‘उपक्रम’ या रकान्यात गेलं. उपक्रमाला तारीख असते, फोटो असतो, उपस्थिती असते. त्यात काय बोललं गेलं, याला रकाना नाही.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत वाचनालयांची दारं लागली. महाराष्ट्रात ती उघडायला १५ ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात अनेक संस्थांनी व्याख्यानं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर आणली. सभागृहं पुन्हा उघडल्यावरही ऑनलाइन श्रोता टिकून राहिला. परगावी गेलेला पुणेकर, जिने चढता न येणारे आजी-आजोबा, नोकरीतून उशिरा सुटणारे. आता एकाच वेळी खुर्चीतल्या आणि पडद्यामागच्या श्रोत्यांसाठी व्याख्यान करावं लागतं, आणि खरी गंमत तिथे सुरू होते.

पहिली चूक आवाजाची. चित्र अंधूक असलं तरी लोक ऐकतात. आवाज घुमला की दोन मिनिटांत निघून जातात. कॅमेरा खोलीच्या मागे ठेवून त्याच्याच माइकवर भिस्त ठेवली, तर वक्त्यापेक्षा पंखा मोठा ऐकू येतो. वक्त्याला कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत अंतरावर लावावा, मोत्यांची माळ आणि उपरणं यांच्यापासून दूर. सभागृहाच्या मिक्सरमधून वेगळी तार काढून ती ऑडिओ इंटरफेसमार्गे (आवाज संगणकाला झेपेल अशा रूपात देणारी छोटी पेटी) लॅपटॉपला द्यावी. मिक्सरची तार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली, तर येणारा आवाज गरजेपेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि तो फाटतो. नंतर कितीही कमी केला तरी फाटलेला आवाज शिवता येत नाही. आणखी एक फसगत म्हणजे दुपारी रिकाम्या सभागृहात घेतलेली चाचणी. शहाबादी फरशी आणि उंच छत असलेली खोली रिकामी असताना घुमते. माणसं बसली की त्यांचे कपडे आवाज शोषतात. दुपारी बसवलेली आवाजाची पातळी म्हणून संध्याकाळी पुन्हा तपासावी.

इंटरनेटचंही तसंच. कंपनी सांगते तो वेग उतरवून घेण्याचा (डाउनलोड). आपल्याला लागतो तो चढवण्याचा (अपलोड). ७२० रेषांच्या चित्राला सेकंदाला ३ ते ४ मेगाबिट पुरतात, १०८० रेषांना ५ ते ६ लागतात, आणि हाताशी त्याच्या दुप्पट असावेत. तपासणी व्याख्यानाच्याच वेळी करावी, कारण संध्याकाळी साडेसहाला आजूबाजूची घरंही तीच लाइन वापरत असतात. वायफायपेक्षा तार बरी. वेग कमी पडला तर चित्राचा दर्जा कमी करावा, आवाजाला हात लावू नये. एप्रिल-मे म्हणजे वळवाचे दिवस. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर बंद पडतो, त्यामुळे यूपीएस आधी राउटरला लावावा.

थेट प्रक्षेपणावर विसंबून जागेवर ध्वनिचित्रमुद्रण न करणं, ही सगळ्यांत महाग चूक. सेकंदाला ५ मेगाबिटने तासाभराची फाइल सव्वादोन जीबीच्या आसपास होते, म्हणजे जागेची सबब चालत नाही. जुने फोटोचे कॅमेरे मात्र २९ मिनिटं ५९ सेकंदांनी मुकाट्याने थांबतात. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ एवढं नीट टिपलं जातं आणि व्याख्यानाच्या पाचव्या मिनिटाला कॅमेरा झोपतो. चित्रात दिवे लुकलुकत असतील तर शटर १/५० सेकंदावर आणावं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

जुना कागद दाखवायचा असेल तर निराळी काळजी हवी. मोडी पत्रांचा हातकागद दगडाने घोटलेला असतो आणि समोरून दिवा पडला की चकाकतो. अक्षरांवर पांढरा डाग येतो. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवले की चकाकी जाते. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत असावा, हे बंधन कागदासाठी आहे. कॅमेऱ्याला तेवढ्यात धूसर दिसतं. म्हणून मूळ कागद टेबलावर न आणता ४०० डीपीआयची (इंचाला ४०० बिंदूंची) प्रतिमा आधी तयार ठेवणं हाच सरळ मार्ग. पडद्यावर पूर्ण पान टाकलं तर मोबाइलवर काहीही वाचता येत नाही. दोन-तीन ओळी पडद्याच्या रुंदीत बसवाव्यात आणि खाली बाळबोधीत लिप्यंतर द्यावं. पावसाळ्यात प्रदर्शन ठेवणाऱ्यांनी आर्द्रतामापक काचेच्या पेटीतच ठेवावा. हवा ६५ टक्क्यांच्या वर दमट राहिली की बुरशीला आमंत्रण, आणि जुलैत पुण्यात ती त्याहून बरीच वर जाते.

कायद्याकडे बहुतेकांचं लक्ष शेवटी जातं. प्रताधिकार कायदा १९५७नुसार जाहीर भाषणाचा पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा असतो. सभागृह, माइक आणि मानधन संस्थेचं असलं तरी तेवढ्याने भाषण संस्थेचं होत नाही. त्यामुळे एका पानाचं संमतिपत्र व्याख्यानाआधी सही करून घ्यावं : थेट दाखवणं, कायम ठेवणं, काटछाट, लेखी उतारा, दुसरीकडे पुन्हा वापर, प्रत्येकाला वेगळी खूण. लेखकाच्या निधनानंतर त्याच्या साहित्यावरचा हक्क ६० वर्षं चालतो आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून होते. १९७०मध्ये वारलेल्या लेखकाचं पुस्तक ३१ डिसेंबर २०३०पर्यंत हक्कात असेल. प्रकाशित पुस्तकातला बेताचा उतारा जाहीर वाचायला कायद्याची मुभा आहे. अख्खं पुस्तक भागाभागांनी वाचून चढवायला नाही. सुरुवातीच्या पाच मिनिटांत वाजणारी सनईची ध्वनिमुद्रिका हा तर नेहमीचा अपघात. यंत्र ती ओळखतं आणि आवाज बंद होतो किंवा प्रक्षेपणच तुटतं. त्यापेक्षा शांतता बरी.

आणि मग नोंद. मुद्रणाला पुस्तकासारखाच क्रमांक द्यायचा, फक्त आधी ‘व्या’ लावायचा. वक्ता, विषय, तारीख, स्थळ, कालावधी, संमतिपत्राचा क्रमांक, फाइलचं नाव आणि तिच्या प्रती कुठे आहेत ते. प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साठवणीत आणि त्यांतली एक इमारतीबाहेर. पेशवेकालीन बुधवार वाडा १३ मे १८७९च्या आगीत गेला, आणि पानशेत धरण फुटून आलेल्या पाण्यात १२ जुलै १९६१ रोजी नदीकाठच्या पेठांतले ग्रंथसंग्रह भिजले. एकाच छपराखाली सगळं ठेवण्याची किंमत या गावाला ठाऊक आहे. हार्ड डिस्क कपाटात ठेवून पाच वर्षांनी उघडायची नसते, वर्षातून एकदा लावून फाइल चालते का हे बघायचं असतं. यंत्राने आपोआप दिलेली मराठी अक्षरं तपासल्याशिवाय ठेवू नयेत. विशेषनामं तर हमखास चुकतात, आणि ‘मोडी’चं काय होतं हे सांगायला नको.

प्रश्नोत्तरं हा मुद्रणातला सर्वांत कमजोर भाग असतो. श्रोता जागेवरून विचारतो, माइक पोचलेला नसतो, आणि ऐकणाऱ्याला नुसतंच उत्तर मिळतं. वक्त्याने प्रश्न आधी स्वतः उच्चारावा, किंवा पुण्याची जुनी चिठ्ठीची पद्धत वापरावी : पाठकोऱ्या कागदावर प्रश्न, खाली नाव ऐच्छिक, कार्यकर्ता गोळा करून टेबलावर ठेवतो. वेळ संपल्याने न घेतलेल्या चिठ्ठ्याही टाकू नयेत. सगळ्या एका पाकिटात घालाव्यात आणि पाकिटावर तोच ‘व्या’ क्रमांक लिहावा.