इंटरनेटची १९८६ सालची कोंडी आणि ती फोडणारं गणित

दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी संकेतस्थळ उघडता उघडत नाही आणि घरोघरी लोक रिफ्रेश दाबत बसतात. आधीच्या मागणीला उत्तर मिळायच्या आत दुसरी मागणी जाते, सर्व्हरपुढची रांग वाढते, उत्तर आणखी लांबतं आणि माणूस पुन्हा बटण दाबतो. १९८६ साली खुद्द इंटरनेट अशाच चक्रात सापडलं होतं. तिथे मात्र बटण दाबायला माणसं नव्हती, संगणकच ते काम करत होते. इंटरनेटच्या इतिहासात १९६९चा अर्पानेटवरचा (इंटरनेटच्या पूर्वजावरचा) पहिला संदेश हमखास येतो, वर्ल्ड वाइड वेब येतं, ही कोंडी सहसा येत नाही. खरं तर आज आपलं नेट चालतं ते त्या कोंडीवर काढलेल्या तोडग्यामुळे.

१ जानेवारी १९८३ला अर्पानेट टीसीपी/आयपी या नियमांवर आलं. फाइलचे तुकडे पडतात, एकेक पॅकेट साधारण १,५०० बाइटचं. आयपी ते पत्त्याच्या दिशेने पुढे सरकवतं, पण पोचण्याची हमी देत नाही. वाटेतल्या राऊटरची, म्हणजे पॅकेटं पुढे धाडणाऱ्या यंत्राची, रांग भरली की नवं पॅकेट टाकून दिलं जातं. हमीचं काम टीसीपीचं आणि ते फक्त दोन टोकांच्या संगणकांत चालतं: पॅकेटांतल्या मजकुराला क्रमांक द्यायचे, पलीकडून पोच यायची वाट पाहायची, ठरलेल्या वेळात पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा धाडायचं.

घोळ त्या ‘ठरलेल्या वेळात’ होता. रांगा वाढल्या की पोच उशिरा येते. पॅकेट हरवलेलं नसतं, वाटेत रांगेत उभं असतं, पण इकडे घड्याळ संपतं आणि दुसरी प्रत निघते. मग रांगेत त्याच मजकुराच्या दोन-तीन प्रती उभ्या राहतात, खऱ्या नव्या पॅकेटांना जागा उरत नाही, ती टाकली जातात आणि तीही पुन्हा पाठवावी लागतात. तार पूर्ण भरलेली, उपयोगी मजकूर जवळजवळ शून्य. संगणकतज्ज्ञ जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४मध्येच हे लिहून ठेवलं होतं आणि एक भयंकर गोष्टही सांगितली होती: ही अवस्था एकदा आली की स्थिर राहते, आपोआप सुटत नाही.

ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड. मराठीतलं एक अक्षर युनिकोडमध्ये २४ बिटांचं धरलं, तर सेकंदाला दोन अक्षरंसुद्धा नाहीत!

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपायात राऊटरला हातही लावलेला नाही. बदल फक्त टोकाच्या संगणकांतल्या टीसीपीत. पहिली दुरुस्ती घड्याळाची: पोच यायला सरासरी किती वेळ लागतो एवढंच न पाहता तो वेळ किती खालीवर होतो तेही मोजायचं. आजच्या नियमात सरासरी अधिक चढउताराची चौपट, इतका वेळ थांबतात. सरासरी २०० मिलिसेकंद आणि चढउतार ५० असेल, तर सूत्राने ४०० येतात. तरीही पोच आली नाही तर पुढच्या वेळी दुप्पट थांबायचं.

दुसरी दुरुस्ती मला सर्वांत सुंदर वाटते. पोच न येता एका वेळी किती पॅकेटं वाटेत असू द्यायची, याची मर्यादा प्रेषकाने स्वतःच ठेवायची. सगळं सुरळीत असेल तर दर फेरीला (पॅकेट जाऊन त्याची पोच परत येईपर्यंतचा वेळ म्हणजे एक फेरी) ती एकाने वाढवायची, पॅकेट हरवलं की थेट निम्मी करायची. समजा, एका तारेत १०० पॅकेटं मावतात. एक संगणक ८० वापरतोय, दुसरा २०. तार भरली, पॅकेटं पडली, दोघं निम्म्यावर आले: ४० आणि १०. मग एकेक वाढत ६५ आणि ३५. पुन्हा निम्मे, पुन्हा वाढ: ५७.५ आणि ४२.५. दोघांतला फरक ६०, ३०, १५ असा घटत जातो. दोघांची ओळख नाही, मध्ये पंच नाही, तरी वाटणी समान होत जाते. (दोघांच्या फेऱ्यांचा वेळ सारखा असेल तर. जवळच्या सर्व्हरशी बोलणाऱ्याला झुकतं माप मिळतं.)

सुरुवातीला मात्र एकेक वाढवत बसलं तर फार वेळ जाईल, म्हणून मर्यादा दर फेरीला दुप्पट होते. आज बहुतेक सर्व्हर १० पॅकेटांपासून सुरू करतात: १०, २०, ४०, ८०. आता हिशेब करा. सर्व्हर अमेरिकेत आहे, एक फेरी २०० मिलिसेकंदांची आणि तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. पूर्ण वेगासाठी सुमारे १,७०० पॅकेटं वाटेत हवीत. तिथवर पोचायला आठ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे दीड सेकंदाहून जास्त. पाच लाख बाइटांचं पान सहाव्या फेरीतच संपतं. त्यासाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन फारसा फरक पडत नाही. फेरी लहान व्हायला हवी, म्हणूनच मोठ्या कंपन्या मजकुराच्या प्रती मुंबईसारख्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवतात. ‘नेटचा वेग दुप्पट करा’ म्हणणारी मोबाइल ॲप्स यातलं काहीही बदलू शकत नाहीत. ती इन्स्टॉल करू नका, उगाच परवानग्या मागतात.

या पद्धतीचा एक कच्चा दुवा घरातच असतो. पॅकेट पडणं हाच तिचा इशारा. पण मेमरी स्वस्त झाली आणि राऊटरांत लांबलचक रांगा आल्या, त्यामुळे पॅकेट पडतच नाही, नुसतं ताटकळतं. अपलोड २ एमबीपीएसचं आणि रांग २५६ केबीची असेल तर भरलेली रांग रिकामी व्हायला एक सेकंद लागतो. कोणी फोटोंचा बॅकअप सुरू केला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो तो यामुळे. तपासणं सोपं आहे: संगणकावर पिंग (छोटा संदेश जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोठी फाइल अपलोड करा. आकडा ३० मिलिसेकंदांवरून ८००-९००वर गेला तर दुखणं हेच. राऊटरमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल हा रांग आटोक्यात ठेवणारा पर्याय असेल तर तो चालू करा आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे रांग तुमच्या राऊटरमध्ये लागेल आणि तिच्यावर त्याचा ताबा राहील. कोडेलही जेकबसन यांनीच कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत २०१२मध्ये मांडलं. त्यात रांग किती लांब आहे हे पाहत नाहीत, पॅकेट तिच्यात किती वेळ थांबलं ते मोजतात.